बाळासाठी बटणांची बंडी, एका अखंड तुकड्यात

घरात बाळ येणार असे कळले की विणकाम करणाऱ्या बायकांचे हात प्रथम टोपड्या-मोज्यांकडे वळतात, आणि ज्यांना थोडा अधिक उत्साह असतो त्या थेट बाह्यांच्या स्वेटरला सुरुवात करतात. बाळंतविड्यात हे सगळे शोभून दिसते यात शंका नाही. परंतु आपल्या हवामानात बाळाच्या अंगावर रोज चढतो आणि रोज उतरतो असा लोकरी कपडा एकच, आणि तो म्हणजे बिनबाह्यांची, पुढे बटणे असलेली साधी बंडी, असे माझे ठाम मत आहे. माझ्या भाचीला ऑगस्टमध्ये मुलगा झाला, त्याच्यासाठी मी नुकतीच अशी एक बंडी विणली. तिचे माप, टाक्यांचा हिशेब आणि त्यामागची कारणे येथे सविस्तर लिहीत आहे.

बंडीच का, हे आधी सांगणे भाग आहे. नाशिक, निफाड, पुणे या भागांत डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली उतरतो, आणि त्याच दिवशी दुपारी तो २८-३० अंशांपर्यंत चढतो. अशा ठिकाणी बाळाला सकाळी सातला जे हवे असते ते अकराला नको असते. बाह्यांचा स्वेटर काढताना बाळाचे दोन्ही हात वळवावे लागतात, झोप मोडते, रडारड होते. बंडीची मात्र बटणे सोडली, एक हात हलकेच बाहेर काढला, की ती पाठीखालून सरकवून घेता येते. छाती आणि पाठ उबदार राहते, हात मोकळे राहतात, आणि मुठी चोखण्याच्या वयातल्या बाळाच्या ओल्या बाह्या दिवसातून चार वेळा बदलण्याची वेळही येत नाही. मुंबईत किंवा कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी हीच बंडी सुती धाग्याची विणावी, किंवा खरे सांगायचे तर विणूच नये.

बटणे पुढेच का, याचेही कारण बाळाच्या शरीरातच आहे. जन्माच्या वेळी बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३४ सेंटिमीटर असतो आणि छातीचा घेर त्याहून एखाद-दोन सेंटिमीटर कमी असतो. हे दोन्ही घेर साधारणपणे वर्षाच्या सुमारास सारखे होतात. म्हणजे पहिल्या वर्षात डोक्यावरून घालायचा कोणताही कपडा अंगाला बेताचा असला तर डोक्यात अडकणार, आणि डोक्यातून सहज गेला तर गळ्याशी ढगळ बसणार. शिवाय मान न धरणाऱ्या बाळाच्या डोक्यावरून काही चढवणे पहिलटकरणीला फार भीतीचे वाटते. पाठीमागे बंद बांधायची झबली आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहेत, पण ती मऊ मलमलीची असतात. लोकरीच्या कपड्याला पाठीवर बटणे लावली तर सगळा दिवस उताणे असणारे बाळ त्या बटणांवरच झोपणार.

आता मापाकडे वळू. निरोगी बाळाचे वजन पाचव्या महिन्याच्या आसपास जन्मवेळच्या दुप्पट आणि वर्षाला सुमारे तिप्पट होते, त्यामुळे नवजात बाळाच्या मापाचा लोकरी कपडा विणणे म्हणजे श्रम वाया घालवणे होय. बाळ कोणत्या महिन्यात जन्मणार हे पाहून थंडीत ते किती महिन्यांचे असेल त्याचा हिशेब करावा आणि त्याहून थोडे मोठे माप धरावे. ऑगस्टचे बाळ डिसेंबरमध्ये चार महिन्यांचे असते. मी त्याच्यासाठी सहा महिन्यांचे माप घेतले, म्हणजे फेब्रुवारी संपेपर्यंत काळजी नाही. या वयाच्या बाळाची छाती १६ ते १७ इंच भरते, आत झबले असते, श्वासाला आणि हालचालीला जागा हवी असते, म्हणून बंडीचा तयार घेर १९ इंच ठेवला. उंची १० इंच पुरते. त्याहून लांब केली तर ती लंगोटाच्या किंवा डायपरच्या खाली येऊन ओली होते, आणि बाळाला उचलले की सगळी बंडी गोळा होऊन हनुवटीशी येते.

लोकरीच्या बाबतीत मी थोडी हट्टी आहे. दुकानात बाळांसाठी म्हणून जी फुलपाखरी केसाळ लोकर दाखवली जाते ती कितीही मोहक दिसली तरी घेऊ नये, कारण तिचे तंतू सुटतात आणि बाळाच्या तोंडात, नाकात जातात. खरी लोकर घ्यायची तर ती मेरिनोसारखी बारीक तंतूची हवी. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीसाठी उत्तम, परंतु बाळाच्या मानेला ती टोचल्याशिवाय राहणार नाही. शिवाय खऱ्या लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, ते गरम पाण्यात चोळले की एकमेकांत गुंततात आणि कपडा आटून जाड होतो, आणि बाळाचे कपडे घरात कोण कोणत्या पाण्यात धुईल याचा भरवसा नसतो. म्हणून लुधियानाच्या गिरण्यांतून येणारी मऊ, चार पदरी अॅक्रिलिक लोकर मला या कामाला सर्वांत सोयीची वाटते. ५० ग्रॅमचे दोन गुंडे या मापाला पुरतात. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला शेक आणि धुरी देण्याची प्रथा अजून पुष्कळ घरांत आहे, आणि अॅक्रिलिक हा उष्णतेने वितळणारा धागा आहे. शेगडीजवळ नेताना बाळाच्या अंगावर अशी बंडी असू नये, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे.

सुया १० नंबरच्या, म्हणजे ३.२५ मिलिमीटर जाडीच्या घ्याव्यात. आपल्याकडे चालणारी सुयांच्या नंबरांची पद्धत ब्रिटिशांकडून आलेली आहे आणि तिच्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक असते. १२ नंबरची सुई १० नंबरहून बारीक, ८ नंबरची जाड. अमेरिकन पद्धत याच्या उलट चालते. तिकडच्या एखाद्या नमुन्यात १० नंबरची सुई लिहिलेली असेल तर ती चक्क ६ मिलिमीटरची असते, आणि ती वापरून विणलेली बंडी बाळाच्या आजोबांनाही सैल होईल. अलीकडे सुयांवर मिलिमीटर छापलेले असतात, तेच वाचावे. या बंडीत सुरुवातीला १२० टाके एकदम सुईवर असतात, म्हणून दोन सरळ सुयांपेक्षा तारेने जोडलेली गोल सुई हाताला हलकी पडते. तिच्यावर गोल न विणता नेहमीसारखे येऊन-जाऊन विणायचे.

वीण अगदी साधी, प्रत्येक ओळ सुलट. दोन ओळी झाल्या की कापडावर उठावाची एक आडवी रेघ दिसते, आणि या रेघा मोजत गेले की ओळी मोजण्याचा त्रास उरत नाही. ही वीण मी आळसाने निवडलेली नाही. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा विणीच्या कडा गुंडाळतात, म्हणून तिला खाली, गळ्याला, मुंढ्याला आणि बटणांना वेगळ्या पट्ट्या विणाव्या लागतात. सगळ्या सुलट ओळींचे कापड सपाट पडते आणि त्याला एकही पट्टी लागत नाही. शिवाय ते दोन्ही बाजूंनी सारखे, उभे ताणले जाणारे आणि हवा धरून ठेवणारे असते. सर्वांत मोठी सोय हिशेबाची आहे, कारण या विणीत एका टाक्याची रुंदी आणि एका रेघेची उंची जवळजवळ सारखीच असते. माझ्या हाताने एका इंचात ६ टाके बसतात आणि एका इंचात ६ रेघाच येतात, त्यामुळे आडवे-उभे सगळे माप सहाच्या पाढ्यात करता येते.

अर्थात हे माझ्या हाताचे झाले. प्रत्येकीच्या हाताची ओढ वेगळी असते, आणि म्हणून २४ टाक्यांचा ४८ ओळींचा चौकोन आधी विणून, तो धुऊन, वाळवून मग मोजावा. तो ४ इंचांचा भरला पाहिजे. इंचाला सहाऐवजी साडेपाच टाके बसत असतील तर १९ इंचांचा घेर २० इंचांच्याही पुढे, जवळजवळ पावणेएकवीस इंचांवर जातो. अशा वेळी टाके कमी करत बसण्यापेक्षा सुई एका नंबराने बारीक घेणे बरे. हा चौकोन विणायचा पुष्कळ जणींना कंटाळा असतो, आणि त्या कंटाळ्यामुळेच घरोघरी एका बाळासाठी विणलेला स्वेटर तीन वर्षांनी दुसऱ्याच मुलाच्या अंगावर दिसतो.

तर १२० टाके सैल हाताने घालावेत. त्यांपैकी ६ टाके बटणांच्या जागी एकावर एक येणार आहेत, म्हणजे घेराला ११४ राहतात आणि ११४ म्हणजे बरोबर १९ इंच. प्रत्येक ओळीचा पहिला टाका लोकर पुढे ठेवून न विणता नुसता उचलावा, मग लोकर मागे नेऊन पुढचे टाके सुलट विणावेत. त्यामुळे कडेला साखळीसारखी स्वच्छ किनार येते. कापड दोन्हीकडून सारखे दिसत असल्याने कोणती बाजू वरची ते विसरायला होते, म्हणून सुरुवातीलाच वरच्या बाजूला वेगळ्या रंगाच्या लोकरीचा एक तुकडा बांधून ठेवावा.

काखेपर्यंत साडेपाच इंच, म्हणजे ३३ रेघा विणायच्या आहेत आणि या अंतरातच चार काजे करायची आहेत. तिसऱ्या, बाराव्या, एकविसाव्या आणि तिसाव्या रेघेला, वरच्या बाजूची ओळ सुरू करताना, पहिला टाका उचलावा, एक सुलट विणावा, लोकर पुढे घेऊन पुढच्या दोन टाक्यांचा एक करावा आणि ओळ पुरी करावी. परतीच्या ओळीत पुढे घेतलेल्या लोकरीचा टाका नेहमीच्या टाक्यासारखा विणला की लहानसे गोल काज तयार होते. या पद्धतीने काजे बाळाच्या उजव्या बाजूच्या पल्ल्यावर येतात, जी मुलींच्या कपड्यांची रीत मानली जाते. डाव्या पल्ल्यावर हवी असतील तर ओळीच्या शेवटी चार टाके उरल्यावर दोन टाक्यांचा एक करून, लोकर पुढे घेऊन, उरलेले दोन विणावेत. सहा महिन्यांच्या बाळाला याने काही फरक पडत नाही, पण आजीला पडतो.

खरे कौशल्य यापुढे, मुंढ्यात आहे. तेहतीस रेघा पूर्ण झाल्यावर वरच्या बाजूच्या ओळीत २९ टाके विणावेत, ६ बंद करावेत, ५० विणावेत, पुन्हा ६ बंद करावेत आणि शेवटचे २९ विणावेत. टाके बंद केल्यावर उजव्या सुईवर जो एक टाका उरतो तो पुढच्या पन्नासात आणि नंतरच्या एकोणतीसात मोजायचा. काखेत हे ६ टाके, म्हणजे पूर्ण एक इंच, बंद करण्याची कंजुषी करू नये. मला विणायला शिकवणाऱ्या मावशीचे पहिले लक्ष नेहमी मुंढ्याकडे जाई, कारण बाळाचा दंड गुबगुबीत असतो, काखेत वळ्या असतात, तिथे घाम आणि ओल साचते, आणि घट्ट मुंढ्याची कड त्या वळीत रुतून कातडी लाल होते. बाळाला ते सांगता येत नाही; ते फक्त किरकिर करते आणि घरातले सगळे त्याचे पोट दुखते आहे असे धरून चालतात.

आता तीन भाग झाले. उजवा पल्ला आणि पाठ यांचे टाके जाड दोऱ्यावर ओवून बाजूला ठेवावेत आणि सुईवर असलेला डावा पल्ला पुढे विणावा. यात काखेच्या बाजूला, म्हणजे वरच्या बाजूच्या ओळीच्या सुरुवातीला, पुढच्या तीन रेघांत प्रत्येकी एक टाका कमी करायचा. गळ्याच्या बाजूला, म्हणजे त्याच ओळीच्या शेवटी, पाच टाके उरल्यावर दोन टाक्यांचा एक करून शेवटचे तीन सुलट विणायचे. असे सलग नऊ रेघांत नऊ वेळा आणि त्यानंतर एक रेघ सोडून एक असे सहा वेळा. मुंढ्याचे ३ आणि गळ्याचे १५ टाके कमी झाले की खांद्याचे ११ उरतात. ते घेऊन काखेतल्या बंद टाक्यांपासून २७ रेघा, म्हणजे साडेचार इंच, होईपर्यंत सरळ विणावे आणि टाके बंद न करता दोऱ्यावर ठेवावेत. उजवा पल्ला असाच, फक्त बाजू उलट: गळा ओळीच्या सुरुवातीला आणि मुंढा शेवटी.

पाठीच्या ५० टाक्यांना पुढच्या तीन रेघांत दोन्ही कडांना एकेक टाका कमी केला की ४४ राहतात. ते २७ रेघा होईपर्यंत सरळ न्यावेत, मग मधले २२ टाके गळ्यासाठी सैल हाताने बंद करावेत आणि दोन्ही बाजूंना ११-११ ठेवावेत. खांदे सुईदोऱ्याने शिवायची गरज नाही. पुढच्या आणि मागच्या खांद्याच्या सुया शेजारीशेजारी धराव्यात आणि तिसऱ्या सुईने दोन्हींवरचा एकेक टाका एकत्र विणत बंद करत जावे. जोडाची रेघ आतल्या बाजूला येऊ द्यावी असे सगळे सांगतात. मी ती मुद्दाम बाहेर ठेवते, खांद्यावर ती एखाद्या गोटासारखी दिसते आणि बाळाला टोचण्याचा प्रश्नच राहत नाही. बगलेला शिवण नाही, बाही नाही, पट्टी नाही; कापड सुईवरून उतरले की बंडी जवळजवळ तयार झालेली असते.

शोभेच्या नावाखाली काय करू नये याविषयी मात्र थोडे कठोर बोलले पाहिजे. गळ्यात ओवायची नाडी आणि तिच्या टोकाला गोंडे हे आपल्याकडच्या बाळकपड्यांचे जुने आकर्षण आहे. गळ्याशी असलेली नाडी कशात तरी अडकून फास बसू शकतो, आणि म्हणूनच युरोपात मुलांच्या कपड्यांसाठी जे मानक आहे त्यात सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांना गळ्याशी आणि टोपीला नाडी लावण्यास मनाई आहे. जाळीदार विणीच्या भोकांत बाळाची बोटे अडकतात. दोन रंगांच्या नक्षीत आतल्या बाजूला जे लोंबते धागे राहतात ते तर अधिक वाईट, कारण बारीक धागा बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा तुटतो आणि बाहेरून काही दिसतही नाही. रंगच हवा असेल तर पट्टे विणावेत आणि सगळी टोके आतल्या बाजूला दोन-तीन इंच ओवून मगच कापावीत.

बटणे काजे झाल्यावर विकत घ्यावीत आणि दुकानात बंडी नेऊन काजातून घालून पाहावीत. ११ मिलिमीटरच्या आसपासचे, चपटे, चार भोकांचे बटण या काजाला ठीक बसते. फुले, अस्वले, मोती अशी उठावाची बटणे तोंडात जातात आणि पालथे पडू लागलेल्या बाळाच्या छातीत रुततातही. बटण लोकरीने कधीही शिवू नये, कारण लोकर झिजते. जाड सुती किंवा पॉलिएस्टर दोऱ्याने, आतून एक लहान सपाट बटण किंवा कापडाचा तुकडा आधाराला घेऊन शिवावे. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांची तपासणी करताना ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात मावणारा कोणताही सुटा भाग घशात अडकू शकणारा मानला जातो. त्या हिशेबाने बंडीचे प्रत्येक बटण धोक्याच्या मापातच बसते, म्हणून दर धुण्यानंतर चारही बटणे ओढून पाहण्याची सवय बाळाच्या आईला लावून द्यावी.

धुण्याचे फारसे काही नाही. अंगावर घालण्यापूर्वी एकदा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावी, पिळू नये, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे आणि सपाट पसरून वाळवावी; दोरीवर टांगली तर ही वीण उभी ताणली जाते आणि दहा इंचांची बंडी बारा इंचांची होते. अॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नये, त्याची उभारी जाते आणि ती परत येत नाही. रात्री झोपवताना मात्र पांघरूण आणि बंडी दोन्ही एकदम नकोत. बाळाची मान किंवा छाती हाताला घामट लागली तर बंडी काढून ठेवावी. त्याचे हात-पाय थंड लागतात म्हणून आणखी कपडे चढवणे ही आपल्याकडची सार्वत्रिक खोड आहे.

बाळ वाढू लागले की एक सोय करता येते. पुढे ६ टाक्यांची जी घडी आहे तिच्यावर बटणे कडेच्या दिशेने दोन-तीन टाके सरकवून शिवली की घेर जवळजवळ अर्ध्या इंचाने वाढतो आणि बंडी आणखी काही आठवडे चालते. त्याहून मोठे माप विणायचे असेल तर वर्षाच्या बाळासाठी १३२ टाके घालावेत, म्हणजे घेर २१ इंच होतो. काखेत बंद करायचे ६-६ टाके सोडून पाठीला ५६ आणि दोन्ही पल्ल्यांना ३२-३२ टाके धरून काखेपर्यंत ३९ रेघा आणि मुंढ्याला ३० रेघा विणाव्यात. काजांमधले अंतर नऊऐवजी अकरा रेघांचे घ्यावे, म्हणजे तिसऱ्या, चौदाव्या, पंचविसाव्या आणि छत्तिसाव्या रेघेला काज येते आणि चार बटणांतच काम भागते. लहान झालेली बंडी कोणाला द्यायची नसेल तर ती खांद्यांपासून खाली उसवता येते, आणि शिवणी नसल्यामुळे लोकर फारशी तुटत नाही. उसवलेली लोकर सैल लडी करून, चार ठिकाणी बांधून, कोमट पाण्यात भिजवावी आणि खाली हलके वजन लावून सावलीत टांगावी. तिच्यातले वळ पुष्कळसे निघून जातात आणि नव्या गुंड्याची भर घालून तीच लोकर मोठ्या मापाला वापरता येते. नवी लोकर खालच्या भागाला घ्यावी आणि जुनी वर, खांद्यांकडे, म्हणजे रंगातला थोडाफार फरक मुद्दाम केलेल्या पट्ट्यासारखा दिसतो.